लिमिट लावलं तरी ओळी चुकतात, गळतात किंवा क्वेरी रखडते: सोप्या तपासणीपासून अवघड दुरुस्तीपर्यंत

लक्षणं

एसक्यूएल क्वेरीत, म्हणजे डेटाबेसकडे डेटा मागणाऱ्या वाक्यात, किती ओळी हव्यात ते ‘लिमिट’ने सांगतात. खालच्यापैकी नेमकं काय होतंय ते आधी ओळखा. लक्षण नीट धरलं की निम्म्या तपासण्या वगळता येतात.

• पहिल्या पानावर दिसलेली नोंद दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते आणि एखादी नोंद कुठल्याच पानावर सापडत नाही.
• तीच क्वेरी सकाळी एक दहा ओळी देते, दुपारी दुसऱ्याच दहा. मधे डेटा फारसा बदललेला नसतो.
• ‘सगळ्यात नवीन १०’ मागितल्या की वरती तारीख रिकामी असलेल्या ओळी येतात, किंवा ३१ जानेवारी सगळ्यात वर चढून बसते.
• २० मागितल्या, ७ आल्या. किंवा लिमिट लावलेलंच नाही, तरी आकडा बरोबर २०० वर किंवा १००० वर अडकतो.
• ओरॅकल डेटाबेसमध्ये ११ ते २० मागितल्या की एकही ओळ येत नाही.
• पहिली पानं झटकन उघडतात, पुढची जड होत जातात.
• लिमिट १ लावल्यावर क्वेरी लिमिटशिवाय लागायचा त्याहून जास्त वेळ घेते.

लिमिट तयार यादीचा वरचा तुकडा तोडून देतं. यादी कुठल्या क्रमाने लावायची हे सांगितलेलं नसेल, तर डेटाबेस ती आपल्या सोयीने लावतो, आणि त्याची सोय रोज बदलू शकते. वरची बरीचशी लक्षणं इथूनच येतात. म्हणून लिमिटचा आकडा बदलून बघण्यात वेळ घालवू नका. आधी क्रम बघा.

पुढच्या उदाहरणांसाठी गावातल्या दूध संकलन केंद्राचं टेबल घेऊ. नाव ‘संकलन’. कॉलम: क्रमांक (प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख), उत्पादक, दिनांक, पाळी, लिटर, फॅट. १८० उत्पादक सकाळ-संध्याकाळ दूध घालतात असं धरलं, तर दिवसाला ३६० ओळी आणि वर्षाला १,३१,४०० ओळी. टेबल फार मोठं नाही, पण या पोस्टमधले बहुतेक सगळे घोटाळे एवढ्यातही दिसतात. क्वेऱ्यांमधले कीवर्ड इथे देवनागरीत लिहिलेत; टाइप करताना ते रोमन लिपीत घ्या.

१. ओळी कापतंय कोण, क्वेरी की टूल?

ही तपासणी फुकट आहे आणि अर्ध्या मिनिटात होते. आपण लिमिट लिहिलं नसलं तरी बहुतेक टूल, म्हणजे डेटाबेस बघायचे प्रोग्राम, स्वतःहून मर्यादा घालतात. डीबीव्हर मूळ सेटिंगमध्ये एका वेळी २०० ओळी आणतं, मायएसक्यूएल वर्कबेंच १००० वर थांबतं, पीएचपीमायअॅडमिन पानाला २५ दाखवतं, ओरॅकल एसक्यूएल डेव्हलपर ५०-५० च्या हप्त्यांनी आणतं. एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये टेबलावर राइट क्लिक केलं तर मेन्यूतच ‘टॉप १०००’ असतं.

```
सिलेक्ट काउंट(*) फ्रॉम संकलन व्हेअर दिनांक = '२०२५-०१-१०';
```

याचं उत्तर ३६० आणि ग्रिडमध्ये २०० ओळी, तर दोष टूलच्या सेटिंगचा. त्या ग्रिडमधून एक्सेलमध्ये ओढलेल्या फाइलवर कुणी हिशोब केला असेल, तर तोही त्या २०० ओळींचाच झालेला असतो. ती फाइल आधी बाजूला काढा.

सेशनची सेटिंगही बघून घ्या. मायएसक्यूएलचा कमांड लाइन क्लायंट ‘सेफ-अपडेट्स’ पर्यायाने सुरू केला असेल, तर तो सिलेक्टवर १००० ओळींची मर्यादा स्वतः लावतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कुणी ‘सेट रोकाउंट ५००’ करून ठेवलं असेल, तर त्या सेशनमधल्या सगळ्या क्वेऱ्या ५०० वर तुटतात. ‘सेट रोकाउंट ०’ केलं की मर्यादा निघते.

२. व्याकरण त्याच डेटाबेसचं आहे ना?

एका डेटाबेसची क्वेरी दुसऱ्यात चिकटवली की कधी एरर येते आणि कधी, जे जास्त वाईट, चुकीचं उत्तर येतं.

मायएसक्यूएलमध्ये ‘लिमिट १०, २०’ याचा अर्थ पहिल्या १० सोडा आणि पुढच्या २० द्या. स्वल्पविरामाच्या आधीचा आकडा सोडायच्या ओळींचा असतो. पुष्कळजण उलटं वाचतात. पोस्टग्रेसला हे स्वल्पविरामाचं रूप चालतच नाही. ‘लिमिट २० ऑफसेट १०’ असं लिहायची सवय लावली तर मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट तिघांतही चालतं, आणि वाचणाराही गोंधळत नाही.

ऑफसेट, म्हणजे सोडायच्या ओळींचा आकडा, शून्यापासून मोजतात. २० ओळींचं तिसरं पान हवं तर (३ − १) × २० म्हणजे ४०. कोडमध्ये वजा एक राहून गेलं, तर पहिल्या २० ओळी कुणाला कधीच दिसत नाहीत, आणि टेस्टिंगच्या वेळी टेबलात पाच-दहाच ओळी असतील तर पडदा रिकामाच दिसतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘टॉप’ आहे. ‘ऑफसेट … फेच नेक्स्ट’ २०१२ च्या आवृत्तीपासून आलं आणि ते ऑर्डर बायशिवाय, म्हणजे क्रम सांगितल्याशिवाय, चालतच नाही. ही सक्ती मला फार योग्य वाटते, बाकीच्यांनीही करायला हवी होती. ओरॅकलमध्ये ‘फेच फर्स्ट २० रोज ओन्ली’ १२सी पासून, म्हणजे २०१३ पासून. त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर पाचव्या तपासणीकडे जा.

पीएचपीच्या पीडीओमधून (डेटाबेसशी बोलणारा भाग) मायएसक्यूएलला लिमिटचा आकडा पॅरामीटर म्हणून पाठवताना सिंटॅक्स एरर आली, तर आकडा अवतरणचिन्हात गेलेला असतो. एक्झिक्यूटला अॅरे दिला की पीडीओ सगळं मजकूर म्हणून धरतो आणि क्वेरी ‘लिमिट '२०'’ अशी बनते. बाइंडव्हॅल्यू वापरून प्रकार ‘पॅरॅम-इंट’ द्या. एरर जाते म्हणून आकडा थेट क्वेरीच्या स्ट्रिंगमध्ये जोडू नका. तो पान क्रमांक ब्राउझरमधून आलेला असतो, आणि तिथून काहीही येऊ शकतं.

३. ऑर्डर बाय आहे का, आणि तो पुरा आहे का?

इथे थांबून वाचा, कारण नोंदी दोनदा येण्याचा आणि गळण्याचा दोष बहुतेक वेळा इथेच निघतो.

आधी ऑर्डर बाय मुळात आहे का ते बघा. ‘टेबलात टाकल्या त्या क्रमाने ओळी येतात’ हा समज पोस्टग्रेसवर पाच ओळींत मोडतो. नवं टेबल करा, १ ते ५ अशा ओळी टाका, मग २ नंबरच्या ओळीत काहीतरी अपडेट करा आणि ऑर्डर बाय न लावता ‘लिमिट ३’ मागा. उत्तर १, ३, ४ येतं. पोस्टग्रेस अपडेट करताना जुनी ओळ जागच्या जागी खोडत नाही. ओळीची नवी प्रत लिहितो, आणि या टेबलात ती पाचव्या ओळीच्या मागे जाते. म्हणजे कुणीतरी एका उत्पादकाचं फॅट दुरुस्त केलं की त्याची ओळ पहिल्या पानावरून गायब. टेबल मोठं असेल आणि एकाच वेळी दोन क्वेऱ्या ते सलग वाचत असतील, तर पोस्टग्रेस दुसरीला मधूनच वाचायला सुरुवात करून देतो, डिस्कचं काम वाचावं म्हणून. मग ‘पहिल्या’ २० ओळी टेबलाच्या मध्यातल्या असतात.

मायएसक्यूएलचं इनोडीबी टेबल प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवतं, त्यामुळे ‘सिलेक्ट *’ बहुधा क्रमाने येतं आणि माणूस निर्धास्त होतो. त्याच टेबलावर उत्पादक कॉलमचा इंडेक्स (ओळी पटकन शोधायला क्रमाने लावलेली वेगळी सूची) असेल आणि क्वेरीत फक्त क्रमांक मागितला, तर डेटाबेस तो छोटा इंडेक्स वाचून काम भागवू शकतो. ओळी मग उत्पादकाच्या क्रमाने येतात. कॉलम बदलला, क्रम बदलला.

आता ऑर्डर बाय आहे, पण अपुरा आहे, ही परिस्थिती. ती जास्त फसवी, कारण क्वेरी बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं:

```
सिलेक्ट * फ्रॉम संकलन
ऑर्डर बाय दिनांक डेस्क, पाळी
लिमिट २० ऑफसेट ४०;
```

‘डेस्क’ म्हणजे उतरता क्रम. एका दिवशी एका पाळीला १८० ओळी. दिनांक तोच, पाळी तीच. म्हणजे २० च्या हिशोबाने सलग नऊ पानं डेटाबेसच्या दृष्टीने सारख्याच दर्जाची आहेत, आणि त्यांच्यात कोण आधी, कोण नंतर हे तुम्ही सांगितलेलंच नाही. प्रत्येक पान ही वेगळी क्वेरी. पहिल्या पानासाठी डेटाबेस सगळ्यात वरच्या २० ओळींचा ढीग सांभाळत टेबल वाचतो, तिसऱ्या पानासाठी ६० चा, ऑफसेटचे ४० आणि लिमिटचे २० मिळून. ढिगाचा आकार बदलला की सारख्या दर्जाच्या ओळी त्यात वेगळ्या तऱ्हेने मागेपुढे होतात. ५७ नंबरचा उत्पादक पहिल्या ढिगात विसावा येतो, तिसऱ्यात पंचेचाळिसावा. तो दोन्ही पानांवर दिसला, आणि दुसरा कुणीतरी दोन्हींमधून निसटला.

पडद्यावर हे घडलं तर वैताग. पण दहा दिवसांचं दुधाचं बिल २०-२० च्या तुकड्यांनी काढणारा प्रोग्राम असाच लिहिलेला असेल, तर एकाला दोनदा पैसे जातात आणि एकाचे राहतात. एकूण ओळी मोजल्या तर आकडा बरोबर जुळतो, म्हणून दोष लवकर पकडलाही जात नाही.

क्रम पुरा आहे का ते असं तपासा. ऑर्डर बायमधले कॉलम ग्रुप बायमध्ये टाका:

```
सिलेक्ट दिनांक, पाळी, काउंट(*)
फ्रॉम संकलन
ग्रुप बाय दिनांक, पाळी
हॅविंग काउंट(*) > १;
```

एक जरी ओळ आली तरी क्रम अपुरा. उपाय एका शब्दाचा आहे. शेवटी प्रायमरी की जोडा:

```
ऑर्डर बाय दिनांक डेस्क, पाळी, क्रमांक
```

‘पहिले तीन नंबर’ काढताना मात्र बरोबरी तोडणं अन्यायाचं ठरू शकतं. तिसऱ्या आणि चौथ्याचं दूध अगदी सारखं भरलं आणि लिमिट ३ ने चौथा कापला, तर तो का कापला याला उत्तर नसतं. तिथे ‘विथ टाइज’ वापरा. एसक्यूएल सर्व्हर, ओरॅकल १२सी, पोस्टग्रेस १३ आणि मारियाडीबी १०.६ पासून ते मिळतं. मायएसक्यूएलमध्ये ‘रँक’ फंक्शन वापरून बाहेरच्या क्वेरीत ३ पर्यंतचे घ्या.

४. क्रम लागतोय, पण कशाचा?

रिकाम्या तारखा वर आल्या तर नलचा, म्हणजे किंमतच न भरलेल्या जागेचा, प्रश्न आहे. पोस्टग्रेस आणि ओरॅकल नलला सगळ्यात मोठा मानतात, त्यामुळे उतरत्या क्रमात तो सगळ्यात वर. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट त्याला सगळ्यात लहान मानतात. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर आलेल्या प्रोजेक्टमध्ये हे हमखास उलटतं. पोस्टग्रेस-ओरॅकलमध्ये ‘डेस्क नल्स लास्ट’ लिहा. पण त्या कॉलमवर इंडेक्स असेल तर तोही त्याच क्रमाने बनवावा लागतो, नाहीतर पोस्टग्रेस तो सॉर्टिंगसाठी वापरत नाही.

३१ जानेवारी डिसेंबरच्या वर बसली असेल, तर तारीख मजकूर म्हणून साठवलेली आहे. आपल्याकडे दिवस-महिना-वर्ष लिहायची पद्धत, आणि ‘३१-०१-२०२३’ हा मजकूर ‘०२-१२-२०२४’ पेक्षा मोठा ठरतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. पावती क्रमांक मजकूर असेल तर ‘९’ हा ‘१०’ च्या वर जातो, तेही याचमुळे. ऑर्डर बायमध्ये रूपांतर करून तात्पुरतं भागतं, पण मग साधा इंडेक्स कामी येत नाही आणि टेबल वाढलं की क्वेरी मंदावते. कॉलमचा प्रकार बदलणं हाच खरा उपाय.

पाळी जर ‘सकाळ’, ‘संध्याकाळ’ अशा शब्दांत असेल तर बाइटनुसार तुलनेत संध्याकाळ आधी येते, कारण युनिकोडमध्ये अनुस्वार ‘क’ च्या आधी आहे. पाळीसाठी १ आणि २ ठेवा, शब्द पडद्यावर दाखवा.

५. ओरॅकलचा रोनम

जुन्या ओरॅकल क्वेऱ्यांत ‘व्हेअर रोनम > १० अँड रोनम <= २०’ लिहिलेलं असतं आणि उत्तर कायम रिकामं येतं. रोनम हा टेबलातला कॉलम नाही. अट पार करणाऱ्या ओळीला डेटाबेस तो नंबर जाता जाता देतो. पहिली ओळ आली, तिच्यासाठी नंबर १ धरला. १ हा १० पेक्षा मोठा नाही, ओळ बाद. बाद ओळीने नंबर खर्च होत नाही, म्हणून पुढच्या ओळीसाठीही १ च. शेवटच्या ओळीपर्यंत १ च राहतो.

याचाच भाऊ म्हणजे ‘व्हेअर रोनम <= १० ऑर्डर बाय लिटर डेस्क’. नंबर आधी वाटले जातात, क्रम नंतर लागतो. कुठल्याही १० ओळी उचलल्या जातात आणि मग त्या दहा व्यवस्थित क्रमाने लावून दिल्या जातात. उत्तर नीटनेटकं दिसतं आणि चूक असतं. उपाय: आतल्या क्वेरीत ऑर्डर बाय, बाहेरच्या क्वेरीत रोनम. मधलं पान हवं असेल तर मधल्या थरात रोनमला वेगळं नाव देऊन तिसऱ्या थरात खालची मर्यादा लावा. १२सी किंवा पुढे असाल तर हे सगळं सोडून ‘ऑफसेट १० रोज फेच नेक्स्ट १० रोज ओन्ली’ लिहा.

६. लिमिट चुकीच्या गोष्टीवर लागलंय का?

लिमिट अंतिम निकालाच्या ओळी मोजतं; तुमच्या मनात उत्पादक असतील तर ते त्याला माहीत नसतं. उत्पादकांच्या नावांचं वेगळं टेबल ‘उत्पादक’ आणि संकलन जोडून ‘लिमिट २०’ लावलं आणि दहा दिवसांचा डेटा आहे, तर एका उत्पादकाच्याच दोन पाळ्या गुणिले दहा दिवस म्हणजे २० ओळी होतात. पडद्यावर एकच माणूस दिसतो आणि तक्रार येते की ‘२० मागितले, १ आला’. लिमिट जोडणीच्या आधी लावा:

```
सिलेक्ट उ.नाव, सं.दिनांक, सं.पाळी, सं.लिटर
फ्रॉम (सिलेक्ट क्रमांक, नाव
      फ्रॉम उत्पादक
      ऑर्डर बाय नाव, क्रमांक
      लिमिट २०) उ
लेफ्ट जॉइन संकलन सं
  ऑन सं.उत्पादक = उ.क्रमांक
 अँड सं.दिनांक >= '२०२५-०१-०१'
ऑर्डर बाय उ.नाव, उ.क्रमांक, सं.दिनांक, सं.पाळी;
```

दिनांकाची अट ‘ऑन’ मध्येच ठेवा. ती खाली ‘व्हेअर’ मध्ये गेली की त्या दिवसांत दूध न घातलेले उत्पादक गळतात आणि २० चे १३ होतात.

हायबरनेट (जावातली डेटाबेस लायब्ररी) वापरत असाल आणि कलेक्शन फेच करताना मॅक्स रिझल्ट्स दिलं असेल, तर लॉगमध्ये ‘अप्लाइंग इन मेमरी’ अशी सूचना शोधा. तिचा अर्थ असा की सगळ्या ओळी सर्व्हरवरून आणून मग मेमरीत कापल्या जाताहेत. छोट्या टेबलात कळत नाही. टेबल वाढलं की अॅप्लिकेशन मेमरी संपून पडतं. आधी आयडी आणा, मग त्या आयडींचा तपशील.

प्रत्येक उत्पादकाच्या शेवटच्या तीन नोंदी हव्या असतील तर एका लिमिटने ते होत नाही. ‘रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय उत्पादक ऑर्डर बाय दिनांक डेस्क, क्रमांक डेस्क)’ काढा आणि बाहेरच्या क्वेरीत ३ पर्यंतचे घ्या. मायएसक्यूएलमध्ये हे ८.० पासून चालतं. ‘युनियन’ मध्ये शेवटी लिहिलेलं लिमिट सगळ्या युनियनला लागतं. प्रत्येक भागाला वेगळं हवं तर तो भाग कंसात घाला. आणि मायएसक्यूएलने १२३५ नंबरची एरर दिली, तर ‘इन’ च्या आतल्या क्वेरीत लिमिट लिहिलेलं आहे. आतली क्वेरी अजून एका सिलेक्टमध्ये गुंडाळा किंवा तिच्याशी जॉइन करा.

ओळी कमी येण्याचं अजून एक कारण कोडमध्ये असतं: डेटाबेसमधून २० आणायच्या आणि मग रद्द झालेल्या नोंदी कोडमध्ये गाळायच्या. गाळणी व्हेअरमध्ये न्या.

७. पुढची पानं मंद

ऑफसेट ओळींवरून उडी मारत नाही. २० च्या पानांत ५००० वं पान म्हणजे ऑफसेट ९९,९८०. डेटाबेस एक लाख ओळी क्रमाने वाचतो, ९९,९८० टाकून देतो आणि २० देतो. इंडेक्स असला तरी वाचावं लागतंच. फक्त सॉर्टिंग वाचतं. म्हणून आधी ऑर्डर बायच्या कॉलमांवर त्याच क्रमाचा इंडेक्स आहे का ते बघा. एक कॉलम उतरता आणि दुसरा चढता असेल तर इंडेक्सही तसाच मिश्र लागतो. मायएसक्यूएल खरा उतरता इंडेक्स ८.० पासून बनवतं.

तेवढ्याने भागलं नाही तर पान क्रमांक सोडून ‘मागच्या पानाची शेवटची ओळ’ धरून पुढे जा. शेवटच्या ओळीचा दिनांक १० जानेवारी आणि क्रमांक ८८१२० होता, तर:

```
सिलेक्ट * फ्रॉम संकलन
व्हेअर दिनांक <= '२०२५-०१-१०'
  अँड (दिनांक < '२०२५-०१-१०' ऑर क्रमांक < ८८१२०)
ऑर्डर बाय दिनांक डेस्क, क्रमांक डेस्क
लिमिट २०;
```

(दिनांक, क्रमांक) असा इंडेक्स असेल तर डेटाबेस थेट १० जानेवारीपाशी उतरतो. त्या एका दिवसाच्या काही ओळी फार तर जास्तीच्या वाचल्या जातात. ५००० व्या पानालाही जवळपास पहिल्याइतकाच वेळ. पोस्टग्रेसमध्ये ‘(दिनांक, क्रमांक) < (…, …)’ असं आटोपशीर लिहिता येतं. मायएसक्यूएल ते स्वीकारतं पण इंडेक्सचा नीट उपयोग करून घेत नाही, आणि एसक्यूएल सर्व्हरला ते चालतच नाही. वरच्या व्हेअरमधलं लांब रूप तिन्हीकडे चालतं. या कॉलमांत नल नको, नाहीतर तुलना मोडते आणि त्या ओळी कायमच्या गळतात.

याचा मोठा फायदा वेगाहून वेगळा आहे. ऑफसेटमध्ये तुम्ही पहिलं पान वाचत असताना वरती नवी ओळ आली की पहिल्या पानाची शेवटची ओळ दुसऱ्यावर सरकते आणि दोनदा दिसते. कुणी ओळ काढली की एक निसटते. क्रम कितीही पुरा असला तरी हे होतं. शेवटच्या ओळीपासून पुढे गेल्यावर ते थांबतं. बदल्यात ‘३४७ व्या पानावर जा’ ही सोय जाते. ती हवीच असेल तर आतल्या क्वेरीत ऑफसेट लावून फक्त क्रमांक काढा, म्हणजे तेवढं काम इंडेक्समध्येच होतं, आणि त्या २० क्रमांकांशी टेबल जॉइन करा.

पान मंद असण्याचं कारण कधी कधी ती ओळींची क्वेरी नसतेच. ‘एकूण १,३१,४०० पैकी’ दाखवण्यासाठी दर वेळी चालणारा काउंट असतो. ‘पुढे’ बटण दाखवायचं की नाही एवढंच हवं असेल तर २० ऐवजी २१ ओळी मागा. एकविसावी आली तर पुढचं पान आहे. मायएसक्यूएलचा ‘एसक्यूएल_कॅल्क_फाउंड_रोज’ वापरत असाल तर काढून टाका, ८.०.१७ पासून तो मोडीत निघालेला आहे.

८. लिमिट १ लावल्यावरच क्वेरी रखडते

```
सिलेक्ट * फ्रॉम संकलन
व्हेअर उत्पादक = ४१२
ऑर्डर बाय क्रमांक डेस्क
लिमिट १;
```

४१२ नंबरच्याने तीन वर्षांपूर्वी दूध घालणं बंद केलंय. प्लॅनर, म्हणजे क्वेरी कुठल्या वाटेने चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग, असा विचार करतो: एकच ओळ हवी, क्रम क्रमांकाचा, तर प्रायमरी कीवरून उलटं चालत जाऊ, ४१२ लवकरच भेटेल. उत्पादकांच्या ओळी टेबलभर सारख्या पसरलेल्या आहेत असं तो गृहीत धरतो. इथे त्या सगळ्या जुन्या टोकाला आहेत, त्यामुळे तीन वर्षांच्या सुमारे चार लाख ओळी उलट वाचून झाल्यावर पहिली सापडते. लिमिट नसतं तर त्याने उत्पादकाचा इंडेक्स वापरला असता आणि मोजक्या ओळी काढून सॉर्ट केल्या असत्या.

‘एक्स्प्लेन अॅनलाइज’ लावून प्लॅन बघा. पोस्टग्रेसच्या प्लॅनमध्ये ‘रोज रिमूव्ह्ड बाय फिल्टर’ समोर लाखांचा आकडा आणि परत आलेली ओळ १, असं दिसलं की निदान पक्कं. मायएसक्यूएलमध्ये ही सोय ८.०.१८ पासून आहे. मात्र ही आज्ञा क्वेरी खरोखर चालवते. डिलीट किंवा अपडेटवर लावली तर डेटा खरोखर जातो.

उपाय म्हणून (उत्पादक, क्रमांक) असा जोड इंडेक्स करा. मग फिल्टर आणि क्रम दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात आणि प्लॅनरला अंदाज बांधावा लागत नाही. तोपर्यंत पोस्टग्रेसमध्ये ‘ऑर्डर बाय क्रमांक + ०’ लिहून त्याला प्रायमरी कीपासून दूर ठेवता येतं. मायएसक्यूएल ८.०.२१ पासून ऑप्टिमायझर स्विचमधलं ‘प्रिफर_ऑर्डरिंग_इंडेक्स’ बंद करता येतं. दोन्ही तात्पुरती ठिगळं आहेत. कोडमध्ये राहिली तर शेजारी कारण लिहून ठेवा, नाहीतर पुढचा माणूस ‘अधिक शून्य कशाला’ म्हणून काढून टाकेल.

इथे थांबा आणि डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) बोलवा

बिल, पगार किंवा अनुदानाचं वाटप अपुऱ्या क्रमाच्या पानांवर आधीच होऊन गेलं असेल, तर क्वेरी सुधारून तोच प्रोग्राम पुन्हा चालवू नका. आधी कुणाला दोनदा गेलं आणि कुणाचं राहिलं याची यादी काढावी लागते, आणि ती डीबीए आणि हिशोब बघणारा माणूस दोघांनी मिळून तपासायची असते.

चालू सर्व्हरवर कोट्यवधी ओळींच्या टेबलावर इंडेक्स करायचा असेल तरी थांबा. पोस्टग्रेसमध्ये साधा ‘क्रिएट इंडेक्स’ काम संपेपर्यंत टेबलात लिहिणं अडवतो. ‘कन्करंटली’ ने ते टळतं, पण तो ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही आणि मधेच फसला तर निकामी इंडेक्स मागे ठेवून जातो, जो काढून टाकावा लागतो.

लिमिट लावून डिलीट किंवा अपडेट करायचं असेल, वाचन एकाहून जास्त रेप्लिकांवरून (डेटाबेसच्या प्रतींवरून) होत असेल आणि दोन पानं दोन वेगळ्या रेप्लिकांकडून येत असतील, डेटा अनेक सर्व्हरवर वाटलेला असेल, किंवा डेटाबेसची आवृत्ती बदलल्यावर तीच क्वेरी अचानक वेगळ्या प्लॅनने चालू लागली असेल, तर या सगळ्यांत क्वेरीच्या मजकुराबाहेरची कारणं असतात. सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असेल तर त्याच्या टेबलांना स्वतः इंडेक्स लावू नका. पुढच्या अपडेटला ते अडचणीचं ठरू शकतं. विकणाऱ्याला लेखी कळवा.

कळवताना एवढं सोबत द्या: डेटाबेसचं नाव आणि पूर्ण आवृत्ती, क्वेरी जशीच्या तशी आणि पॅरामीटरच्या खऱ्या किमतींसह, टेबलाची रचना आणि इंडेक्सची यादी, टेबलातल्या ओळींचा अंदाजे आकडा, एक्स्प्लेन अॅनलाइजचं पूर्ण उत्तर, आणि दोनदा आलेल्या किंवा गळलेल्या एखाद-दोन ओळींचे क्रमांक. उत्पादकांची नावं, मोबाइल आणि बँक खात्याचे नंबर त्यातून आधी काढून टाका.